खुर्चीच्या पायावरचं नाव

राजापेठ, रविवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. मुंबईहून जुन्या फर्निचरचा व्यापारी आला होता. आईनं बनवलेल्या, एकावर एक रचता येणाऱ्या लोखंडी खुर्च्या हव्यात त्याला. खुर्ची उलटी करून पायावरचं नाव वाचलं आणि म्हणतो, "तुमचे वडील मोठे डिझायनर होते!"

बाबा? त्यांनी कधी खिळा ठोकला नाही! खुर्च्या लग्नकार्याला शेजाऱ्यांकडे जायच्या, म्हणून भांड्यांसारखं त्यांच्यावरही नाव टाकून घेतलेलं. आणि भांड्यावर नाव कोणाचं? घरच्या पुरुषाचं.

सांगितलं तर हसला. "तेच राहू द्या, विकायला बरं."

"मग विकतच नाही," म्हटलं आणि वाटेला लावलं.

उद्या खुर्च्यांवर आईचं नाव घालायला नाव टाकणाऱ्याला बोलावते. वाटलं, आई नको म्हणेल. ती म्हणाली, "टाकजो. पन त्याईच्यापेक्षा मोठ्या अक्षरात."