अडलंय ते फक्त टॉयलेटपायी

४ जानेवारी
आमचे शिफ्ट इन-चार्ज मार्चअखेर रिटायर होणार. त्यांच्या खुर्चीवर आता मीच. मशीन शॉपमध्ये चौदा वर्षं काढलीत. मशीन नुसतं खोकलं तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगते. मॅनेजर साहेबांना भेटले. म्हणाले, मॅडम, तुमच्याशिवाय आहे कोण? अडचण एकच. शॉपमध्ये लेडीज टॉयलेट नाही. ऑफिसच्या इमारतीत जाऊन यायला तुम्हाला बावीस मिनिटं लागतात, आणि इन-चार्जनं शॉप सोडायचं नाही असा नियम आहे.
म्हणजे अडलंय ते फक्त टॉयलेटपायी. लायकीबद्दल चकार शब्द नाही! (बावीस मिनिटं मोजली कुणी, हे विचारायचं राहिलं.)

५ जानेवारी
संकल्प : ड्यूटीवर पाणी बंद. पाणी पिणं ही निव्वळ सवय आहे.

१३ जानेवारी
डॉक्टरीणबाईंकडे. इन्फेक्शन. रोज तीन लिटर प्या म्हणाल्या. संकल्प तात्पुरता स्थगित.

१६ जानेवारी
नवा बेत. टॉयलेट मीच बांधून घ्यायचं. रात्रीत ड्रॉइंग काढलं, पाच बाय सात. साहेब खूश. म्हणाले, बायकांना या गोष्टींची उपजतच जाण असते. कौतुक म्हणून घेतलं.
सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, एवढी इंजिनियर झालीस ती संडास बांधायला होय गं? मॅनेजमेंटमधलं त्यांना कळत नाही.

६ फेब्रुवारी
सकाळी गवंडी, दुपारी प्लंबर, संध्याकाळी टाइल्सवाला. माझी मशीन्स तेवढ्यापुरती माझ्या हाताखालच्या ज्युनियरकडे, आमच्या चष्मेवाल्याकडे दिलीत. तीन वर्षांपूर्वी जॉइन झाला तेव्हा स्पॅनर कुठल्या बाजूनं धरायचा तेही ठाऊक नव्हतं त्याला. सगळं मीच शिकवलं. मला ताई म्हणतो. गुणी आहे.

२० फेब्रुवारी
चार नंबरचं मशीन बंद पडलं. चष्मेवाल्यानं मला फोन लावून मशीनपाशी धरला. सिमेंटच्या गोणीवर बसून आवाज ऐकला, बेअरिंग सांगितलं. अर्ध्या तासात मशीन चालू. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. बरंच झालं. माझ्या हाताखालचा माणूस नावाजला म्हणजे मीच नावाजले की.

११ मार्च
टाइल्स बसल्या. फिकट निळ्या. भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, मॅडमनी काय देखणं काम केलंय! मशीनच्या कामाबद्दल चौदा वर्षांत असं कधी बोलले नव्हते. चिन्हं शुभ आहेत. नवऱ्यानं विचारलं, लेखी काही दिलंय का? संशयी स्वभाव, दुसरं काय.

२८ मार्च
नोटीस लागली. शिफ्ट इन-चार्ज : चष्मेवाला.
साहेबांकडे गेले. म्हणाले, मॅडम, तीन महिन्यांत तुम्ही मशीनला हात तरी लावलाय का? शॉप त्यानंच सांभाळलं. तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय, वेल्फेअर कमिटीचं अध्यक्षपद. कॅन्टीनच्या खुर्च्यांपासून सुरुवात करा.
माझं उत्तर तयार होतं. पाच मुद्दे. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. संपेपर्यंत थांबले. संपला नाही.
जिन्यात चष्मेवाला भेटला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, ताई, हे खरं तर तुमचंच. मीच त्याची समजूत घातली.
पुढच्या वेळी मात्र अडायचं काही कारणच नाही. टॉयलेट आहे ना आता!

२ एप्रिल
टॉयलेटचं उद्घाटन. फीत साहेबांनी कापली. कात्रीचा ट्रे मी धरला. मग गैरवापर होऊ नये म्हणून कुलूप लावलं. चावी इन-चार्जकडे राहणार. शॉपमध्ये बाई मी एकटीच, तरी नियम तो नियम.
दुपारी चावी मागायला गेले. चष्मेवाला चार नंबरपाशी कान लावून उभा होता. मशीन पुन्हा खोकत होतं. कुठलं बेअरिंग, म्हणून त्यानं विचारलं. सांगितलं. चावी लगेच काढून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त रजिस्टर पुढे केलं. म्हणाला, ताई, जायची वेळ, यायची वेळ आणि सही. साहेबांनी सांगितलंय.
जायची लिहिली. यायची लिहिली. सहा मिनिटं. सही केली.
संकल्प : उद्यापासून ड्यूटीवर पाणी बंद.