लार्चमाउंटचा राहून गेलेला रहिवासी

लेडबरी,
१४ मार्च १९५८

हेस्टरबाईंना एडाचा नमस्कार.

टपाल पोचलं. गुडघा सोडला तर माझं बरं चाललंय. तुमचा खोकला गेला का?

लार्चमाउंटच्या घराला पन्नास वर्षं होतायत म्हणून तुम्ही लिहिलेल्या पुस्तिकेचा मसुदा वाचला. चुका कळवा म्हणालात, तर कळवते. जिन्याच्या रंगीत काचा घराबरोबरच्या नाहीत. त्या १९१० साली बसल्या, मी कामाला लागले त्याच वर्षी. आणि त्या पुसायला 'नोकरवर्ग' नव्हता, मी होते. स्वयंपाकीणबाईंच्या कुत्र्याचं नाव छापताय, माझं नाही! असो.

पण बाई, पान नऊ! 'थोरले बंधू ऑब्री युद्धानंतर केनियात शेती करायला गेले व १९२६ मध्ये तिथेच वारले.' अहो, कोणाला सांगताय हे? मला?

तुमच्या आई पाहुण्यांना हे केनिया ऐकवायच्या तेव्हा मी शेजारी चहा ओतत असायची, आणि ऑब्रीसाहेब बरोब्बर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. तोफांनी त्यांचे हात थरथरायला लागले ते थांबलेच नाहीत. दार आपटलं की पलंगाखाली शिरायचे. आठ वर्षं मी त्यांना चमच्याने सूप भरवलं. तुम्हीही यायचात की वर, रुमालात केक लपवून! एकदा "एडा, दादा आज हसला गं!" असं ओरडत जिना उतरलात, आणि आईंनी पाहुण्यांदेखत तुमच्या थोबाडीत मारली. त्याच महिन्यात तुमची रवानगी शाळेच्या वसतिगृहात. अकरा वर्षांची पोर, तुमचा काय दोष? पण आई जाऊन वीस वर्षं झाली. आता कोणाला भिताय?

न्युमोनियाने गेले ते, माझा हात धरून. पुरलं तेसुद्धा लांबच्या गावात, दगडावर नुसती आद्याक्षरं. दर ऑक्टोबरात दोन बस बदलून मी तिथे जाते. का, ते विचारू नका.

बरं, सांगूनच टाकते. शेवटच्या वर्षी वसंतात त्यांना जरा आराम होता. म्हणाले, "एडा, माझ्याशी लग्न करशील?" मी म्हणाले, "आधी बशीतलं संपवा." आईंच्या धाकाने हसण्यावारी नेलं, दुसरं काय! त्यांनी मुकाट्याने बशी संपवली. पुन्हा विचारलं नाही.

हे छापायचं नाही. हे माझं आहे. पण पान नऊ बदला. युद्धाची वर्षं सोडली तर ऑब्री शेवटपर्यंत याच घरात राहिले, एवढं एक वाक्य लिहा. ते जमत नसेल तर छापलेली पुस्तिका पाठवू नका, आणि नाताळचं कार्डही नको.

तुमच्या दादांची,
एडा प्रॉबर्ट