दम्याचा काढा

चिंचवड, ७ नोव्हेंबर १९७८

पहाटेची भस्त्रिका सोडावी की काय? योगवर्गाचे गुरुजी म्हणतात, भात्यासारखा श्वास चालवा, कुंडलिनी जागी होईल, साचलेलं दुःख निघून जाईल. दुःख आहे तिथंच आहे. आवाज तेवढा भिंतीपलीकडे गेला. आज शिफ्टवरून आलो तर शेजारच्या काकू अडुळशाचा काढा घेऊन दारात. "पहाटे दम लागतो ना रे तुला? भिंतीतून ऐकू येतं."

भिंतीतून सगळंच ऐकू येतं. सुमन गेली तेव्हा सुतकात सगळे येऊन गेले. नंतर मी रात्र रात्र बायकोसाठी रडलो, तेही पलीकडे गेलंच असणार. तेव्हा कुणी दार वाजवलं नाही.

"हो काकू, दमाच आहे," म्हणालो. काढा मुद्दाम सावकाश प्यालो, म्हणजे पेल्यासाठी तरी थांबतील.