पणजोबांची एकमेव मॅच

शनिवार, संध्याकाळ. मरीन परेड

आज मी मुद्दाम दुष्टपणा केला. आत्ताच लिहून टाकते, नाहीतर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

समोरच्या फ्लॅटमधले वेल्श आजोबा लिफ्टमध्ये भेटले की माझे इंग्रजी उच्चार सुधारतात. लोकांसमोर. त्यांचे पणजोबा अगदी सुरुवातीच्या काळात वेल्सकडून रग्बी खेळले, हे आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ आहे. मी इतिहासात पोस्टडॉक करते, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांत त्यांचं नाव शोधायला आजोबांनीच सांगितलं.

सापडलं. कारकीर्द एका मॅचची. वेल्स दणकून हरलं, पणजोबांना पुन्हा कधी घेतलं नाही. दुपारी आजोबांकडे चहाला गेले आणि त्यांच्या नातीसमोर मी ते वाचून दाखवलं. बातमीदार म्हणतो, उत्तरार्धात हा माणूस नुसता उभा होता, कुणालाच अडवत नव्हता.

नात खो खो हसली. “ग्रँडपा, हाच का तुमचा हीरो?”

आजोबांनी मला विचारलं, “पुढे काही लिहिलंय?”

“नाही,” मी म्हणाले.

लिहिलं होतं. पूर्वार्धातच त्यांचं खांद्याचं हाड मोडलं होतं. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, म्हणून ते तसेच मैदानात थांबले. एवढं एक वाक्य मी का गिळलं? चार उच्चारांसाठी?

मघाशी नात दारात आली. आजोबांनी भिंतीवरचा पणजोबांचा फोटो उतरवलाय, तुमच्या संशोधनासाठी हवा का, म्हणाली.

मी थँक यू म्हणून घेतला. तेव्हाही बोलले नाही.