शेवटच्या माणसाच्या मागे

१४ जानेवारी २००७, रविवार

सायकल आली. ऑफिसातला कृष्णकांत अमेरिकेहून परत येताना बायकोची एक बॅग तिथेच ठेवून हा खोका घेऊन आला. आता त्याची बायको माझ्याशी बोलत नाही. चालायचंच. चोवीस गिअर, पुढे शॉक अ‍ॅब्झॉर्बर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. डोंगरासाठीच बनवलेली. आमच्या सायकल ग्रुपमध्ये कुणाकडे अशी नाही. अमोघकडे तर नाहीच.

जूनमध्ये ग्रुप मनाली ते लेह जाणार. सायकलवर. पाचच जण. ते पाच कोण, हे अमोघ ठरवणार म्हणे. का? ग्रुप काढला मी. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर चपला शोधताना, कल्पना माझी. अमोघला चेन्नईत पहिली खोली मी बघून दिली, सैदापेटला. रिक्षावाल्याशी तमिळमध्ये भांडायला मी शिकवलं. आता हा लीड, आणि सगळे त्याच्या मेलची वाट बघत बसतात.

असो. उद्यापासून रोज पाचला उठायचं. समुद्राकाठच्या ईसीआर रस्त्याने मुट्टुकाडूपर्यंत जाऊन यायचं. जूनपर्यंत अमोघला माझं फक्त मागचं चाक दिसलं पाहिजे.

१५ जानेवारी

पोंगल. सणाच्या दिवशी पाचला उठणं योग्य वाटेना. शेजारच्या अलमेलूमामींनी सणाचा खिचडीसारखा पोंगल गोड आणि तिखट दोन्ही पाठवला, वर तूप. नको म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

उद्यापासून नक्की.

२३ जानेवारी

पेरुंगुडीत राहून सकाळी सायकल चालवणं अशक्य आहे. इथला हमरस्ता, ओएमआर, सगळा खणून ठेवलाय. सिरुसेरीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसेस पहाटेपासून धूळ उडवतात. फुफ्फुसं एकदाच मिळतात. आज बाल्कनीतच सायकल उलटी ठेवून सगळे गिअर बदलून बघितले. डोंगरात तंत्र महत्त्वाचं. दम आपोआप येतो.

बायको, शर्मिष्ठा, म्हणाली की उलटी सायकल चालवून माणूस कुठे पोचतो. तिला या खेळातलं काही कळत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

ग्रुपबरोबर महाबलीपुरम. म्हणजे ग्रुप गेला महाबलीपुरमला. मी कोवळमला थांबलो, कारण मागच्या टायरची हवा संशयास्पद वाटली. हॉटेलात बसून टायरवर लक्ष ठेवलं. दोन कॉफ्या, वडे. तासाभराने सगळे परत आले. स्वरदाने टायर दाबून बघितला आणि हवा तर दगडासारखी आहे म्हणाली. ही मुलगी सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, मग सवय लागते.

अमोघ नुसता हसला. पूर्वी असा नव्हता.

११ फेब्रुवारी

मंडळाचे सेक्रेटरी वसंतराव भेटले. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून ते कार्यक्रमांसाठी माणसं शोधत हिंडतात. ऑगस्टमध्ये स्लाइड्ससह व्याख्यान देतो म्हणून मी कबूल केलं. विषय: ‘मराठी पावलं लडाखच्या वाटेवर’. वसंतराव म्हणाले की पावलं कशी, सायकल ना? मी म्हटलं, भावार्थ. त्यांनी लगेच फळ्यावर लिहून टाकलं. मीही सांगलीला मेहुण्याला फोन करून सांगितलं, सासऱ्यांनाही.

घरी आल्यावर शर्मिष्ठाने विचारलं की तू जाणार हे अमोघने सांगितलंय का. मी म्हटलं, काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

२६ फेब्रुवारी

अमोघचा मेल. ११ मार्चला जवादीच्या डोंगरात दिवसभराची राइड. जंगलखात्याचा कच्चा रस्ता, दगड, ओढे, चढ. ती झाली की लेहचे पाच जण ठरणार.

खाली ग्रुपचे नियम. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम माझा आहे, आणि त्यावर माझं नाव नाही. लीड सगळ्यात पुढे, स्वीप सगळ्यात मागे. स्वीपने कितीही वेळ लागो, शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. आणि आपल्यासाठी कुणीतरी मागे थांबलंय हे त्या शेवटच्या माणसाला कळू द्यायचं नाही. स्वरदा नवीन होती, रडकुंडीला यायची, तेव्हा मी हा नियम काढला. बरोबर मराठी माणसं असली की मदतसुद्धा अपमान वाटते, म्हणून. इतका बारीक विचार या ग्रुपमध्ये दुसऱ्या कुणी केलाय?

सोमवारपासून भात बंद.

(आज सोमवारच आहे. पुढच्या.)

१० मार्च, शनिवार, संध्याकाळी

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. भाड्याच्या गाडीच्या टपावर सायकली. माझी सगळ्यात वर बांधायला लावली.

महत्त्वाची घटना. चहा पिताना अमोघने मला बाजूला घेतलं. मक्या, उद्या तू आपला मागून ये, आरामात, अजिबात घाई करू नकोस, म्हणाला. म्हणजे स्वीप मी! सर्वांसमोर बोलला नाही ते बरोबरच केलं, नाहीतर शेवटच्या माणसाला कळलं असतं. शेवटचा कोण हे उघड आहे. यश. चोवीस वर्षांचा, काडीपैलवान. आजोबा रेल्वेच्या नोकरीने चेन्नईला आले तेव्हापासूनची त्यांची मंडळी इथली. निम्मं मराठी, निम्मं तमिळ बोलतो. सायकल तर भाड्याच्या दुकानातली वाटावी अशी.

जबाबदारी त्यालाच देतात ज्याच्यावर विश्वास असतो. अमोघबद्दल मी इथे आधी जे लिहिलं ते थोडं मागे घेतो.

१२ मार्च, सोमवार. रजा.

कालचं कालच लिहिणार होतो. पेन धरवेना.

सकाळी सहाला निघालो. पहिल्या वळणालाच अमोघ, स्वरदा आणि बाकीचे दिसेनासे झाले. मी ठरल्याप्रमाणे मागे. पण यश माझ्याही मागे! मी हळू केलं, तो आणखी हळू. मी थांबलो, तो थांबला. चेन बघतो म्हणाला. चेनला काहीही झालेलं नव्हतं. स्टॅमिना नाही हे कबूल करायला लाजत होता, आणि मला त्याची दया आली.

आता माझी पंचाईत बघा. मी स्वीप. हा पुढे गेल्याशिवाय मी हलू शकत नाही. तू हो पुढे, मी पाणी पितो, असं त्याला सुचवलं. नको सर, तुम्ही व्हा, मी फोटो काढतो, म्हणाला. कशाचा? समोर दगड आणि घाणेरीची झुडपं. मी बसलो. तो बसला. ऊन चढत गेलं. मी दोनदा बुटाची नाडी सोडून बांधली. त्याने तीच झुडपं पुन्हा काढली. टेन्शन नको सर, मेदुवा पोलाम, हळूहळू जाऊ, असं मलाच धीर देत होता. शेवटी तो काही उठेना, म्हणून मी उठलो. नियम मोडला, पण माणुसकी म्हणून.

पुढे जे चढ लागले ते चढ नव्हेत, भिंती. मी सायकल हातात धरून चालत गेलो, यशला कमीपणा वाटू नये म्हणून. तो मागे सायकलवरच बसून होता, इतक्या हळू की मला वाटलं आत्ता पडेल. पडला नाही. ओढ्याच्या उताराला मात्र माझी सायकल पडली. मी तिच्याबरोबर गेलो, एवढंच. डिस्क ब्रेक जरा जास्तच चांगले आहेत. घाणेरीत बसून राहिलो. कोपर सोललं, गुडघा सोलला. यशने बाटलीतलं सगळं पाणी माझ्या गुडघ्यावर ओतलं आणि बँडेज काढलं. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत औषधांची पेटी, पंप, जादा ट्यूब, माझ्या आवडीची बिस्किटंसुद्धा होती. एवढं ओझं घेतल्यावर मागे पडणारच. नवीन मुलांना पॅकिंग कळत नाही.

दुपारी चिंचेची पोती घेऊन वर जाणारा टेम्पो आला. ड्रायव्हरने न विचारताच थांबवला. यशची अवस्था बघून मी ठरवलं, आता बस. सायकल पोत्यांवर टाकली आणि त्यालाही चढायला सांगितलं. तो नको म्हणाला. हट्टी! मग टेम्पोच्या मागोमाग सायकल हाणत आला, सगळा चढ, सगळी धूळ खात. मी पोत्यांवर बसून त्याच्यावर लक्ष ठेवलं. स्वीप असून असं माघारी बघत माझ्याशिवाय कुणी बसलं नसेल.

वर पोचलो तेव्हा बाकीच्यांचं जेवण होऊन एक झोपही झाली होती. मी पोत्यांवरून उतरताना स्वरदाने फोटो काढला. अमोघने माझ्यासाठी डब्यात दहीभात राखून ठेवला होता. पाठीवर हात ठेवून म्हणाला, मक्या, जेव आधी. मला तो हात आवडला नाही. आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा होता. यशला मात्र अमोघने मिठी मारली. शेवटच्या माणसाला प्रोत्साहन द्यायचं असतं, हे मला मान्य आहे. तरी वाईट वाटलं. तीन वर्षांत मला त्याने एकदाही मिठी मारली नाही.

१९ मार्च, सोमवार

परवा वर्ल्डकपमध्ये आपण बांगलादेशकडून हरलो. ऑफिसात सगळे सुतकात. मला मात्र कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. नावं मोठी, घाम नाही, असं कृष्णकांत म्हणाला. मी जोरात मान हलवली.

अमोघचा मेल नाही. गुडघा बरा आहे. जिना चढताना दुखतो, पण लेहला जिने नाहीत.

२५ मार्च

मेल नाही. विचार केला की अमोघ स्वतः येऊन विचारणार. जुनी मैत्री. पटकन हो म्हणायचं नाही. जरा विचार करून सांगतो, असं म्हणायचं. मग दोन दिवसांनी, फार आग्रह होतोय म्हणून, हो. आणि स्वीप म्हणूनच येईन ही अट. शर्मिष्ठाला म्हटलं, अमोघ आला तर कांदेपोहे कर, पण उत्साह दाखवू नको. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

१ एप्रिल, रविवार

अमोघ आला. एकटाच. पोहे खाल्ले. मग म्हणाला, मक्या, तुझ्याकडे एक काम आहे, नाही म्हणू नकोस. मी म्हटलं, जरा विचार करून सांगतो. तो म्हणाला, अरे, आधी ऐक तरी.

लेहसाठी माझी सायकल हवी होती. यशला.

आधी वाटलं एप्रिल फूल. मी हसलोसुद्धा. तो हसला नाही. यशच्या सायकलवर लेहचा घाट होणार नाही, नवीन घेणं त्याला परवडत नाही, आणि तुझी तशी बाल्कनीतच असते, म्हणाला. यश पाचांत पहिला. का, तर जवादीला दिवसभर तुझ्या मागे स्वीप केलं पोराने, एकदाही पुढे गेला नाही, तुला कळू दिलं नाही, आणि वर टेम्पोमागून सगळा चढ मारला. असा माणूस लेहला पाहिजे. आणि पुढे म्हणाला, तो नियम तुझाच ना रे? फार चांगला नियम काढलास.

मी हो म्हटलं. नियम माझाच.

मग अमोघला सायकल दिली. पंपही दिला. चढाला कोणता गिअर टाकायचा तेही समजावून सांगितलं, आणि त्याने पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकून घेतलं. जाताना त्याने मला मिठी मारली. मी हात खालीच ठेवले. तो गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बसून राहिलो. राग अमोघचा येत नव्हता. यशचाही नाही. येत असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी शर्मिष्ठाला म्हटलं की लेहचं मी रद्द केलंय. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, जूनमध्ये रजा मिळणार नाही. ती भाजी निवडत होती. बरं, म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली की जूनमध्ये दादाच्या सांगलीच्या घराची वास्तुशांत आहे, तेवढी दोन दिवसांची रजा तरी काढ. मी म्हटलं, लेहला जातोय म्हणून सांगून बसलोय, आता त्याला कसं कळवायचं. ती म्हणाली, कळवायचं काय त्यात, आपण दोघं येतोय म्हणून मी त्याला जानेवारीतच सांगून ठेवलंय.

जानेवारीत तर सायकल नुकतीच घरी आली होती.