मुद्दा क्रमांक सात

आबा, गेल्या गुरुवारी पोलीस खात्यातल्या एक बाई माझ्या स्वयंपाकघरात पाऊण तास बसून गेल्या आणि तेव्हापासून माझ्याकडून काम होत नाही. या हातानं मी बावीस वर्षं लेस्टरच्या कारखान्यात मोजे विणायच्या मशिनी दुरुस्त केल्या. सुईला केसाएवढा बाक असला तरी बोटाला कळायचा. आज सकाळी शिलाई मशिनचा एक साधा स्क्रू तीनदा खाली पडला. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. पण या विषयावर बोलावं असा दुसरा माणूस मला आठवत नाही, कारण बंदूक हातात धरून ज्यानं आयुष्य काढलं असा माझ्या माहितीतला माणूस एकच, तुम्ही. कऱ्हाडच्या बँकेच्या दारात, खाकी गणवेशात, दोन नळीची बंदूक घेऊन.

फेब्रुवारीत आमच्याकडे चोरी झाली. कारखाना बंद पडल्यापासून मी घरामागच्या गॅरेजमध्ये शिलाई मशिनी दुरुस्त करतो. दुपारी तीनला चहा करायला मागच्या दारानं आत आलो तर स्वयंपाकघरात दोघं उभे. एकानं माझ्या छातीवर नुसता पंजा ठेवला आणि मला मागे ढकललं. म्हणाला, “सिट डाउन, ग्रँडॅड.” माझं वय बावन्न. आणि मी बसलो, आबा. फ्रिजला पाठ लावून, पाय पसरून, त्यांची पावलं वर जाताना आणि खाली येताना ऐकत. तुमच्या सुनेच्या पाटल्या गेल्या आणि मंगळसूत्र गेलं. ती हॉस्पिटलच्या वॉर्डात जेवण वाटते, तिथे दागिने चालत नाहीत म्हणून ती ते घरी काढून ठेवायची. संध्याकाळी तिनं माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही धड आहात ना, मग झालं.” मला ते आवडलं नाही. धड असण्याचाच मला राग येत होता.

मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. तुम्हाला ठाऊक आहे, मला कोणी काही शिकवलं नाही. इंग्रजी डिक्शनरीतून शिकलो, मशिनी उघडून शिकलो. तसंच हेही. सहा आठवडे रोज सकाळी लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर एक तास. अमेरिकेतली माणसं यावर एकमेकांशी किती भांडतात हे बघून मी थक्क झालो. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल, पाच गोळ्या पुरेत की पंधरा हव्यात, यावर पानंच्या पानं. मी त्यासाठी एक वही केली. रिव्हॉल्व्हरच्या बाजूनं एक मुद्दा मोठा होता. त्यात बिघडण्यासारखं कमी, आणि स्प्रिंगवर माझा मुळात विश्वास नाही, जन्मभर तुटलेल्याच स्प्रिंगा पाहिल्यात. पण गोळ्या सहाच, लहान आकारात तर पाच. माझं गणित असं होतं. माणसं दोन. घाबरलेला हात निम्म्या गोळ्या वाया घालवतो. एकाला एक पुरेल याची खात्री नाही, म्हणून दोन धरायच्या. म्हणजे आठ लागल्या. तिसरा माणूस बाहेर गाडीत असेल तर बारा. तेव्हा पंधरा गोळ्यांचं मॅगझिन, मधल्या आकाराचं पिस्तूल, वजन इतकं, नळीची लांबी इतकी. ग्राफ पेपरवर स्वयंपाकघराचा नकाशा काढला. मागच्या दारापासून फ्रिजपर्यंत तीन मीटर चाळीस. मी टेपनं दोनदा मोजलं.

हँडगनवर इथे बंदी आहे हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. बंदी येऊन आठ-नऊ वर्षं झालीत. पण समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडात जिवाला धोका असलेल्या माणसाला अजून पिस्तूल मिळू शकतं, हे मी वाचलं होतं. एकाच राणीच्या राज्यात दोन न्याय कसे, असा माझा सवाल. आणि माझा समज असा, की अर्ज मुद्देसूद असला तर साहेबाला तो नाकारता येत नाही. आपल्या आळीतले सगळे अर्ज मी लिहिले. रेशनकार्डाचे, पेन्शनीचे, नळाचे. एकही परत आला नाही. तेव्हा मी चौदा पानांचा अर्ज केला, नकाशासकट, काळ्या शाईत, ठळक सुट्या अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. मुद्दे बावीस. पोस्टात टाकून घरी येताना मला फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ताठ चालल्यासारखं वाटलं.

असा अर्ज मी आधीही एकदा लिहिला होता. तुम्हाला आठवेल. मी पंधरा वर्षांचा. तुमच्या बंदुकीत काडतुसं दोनच, आणि मला त्याची लाज वाटायची. वर्गातली पोरं म्हणायची, “तिसरा चोर आला तर तुझा बा काय करणार, दगड मारणार?” मी तीन दिवस डिक्शनरी घेऊन बसलो आणि मॅनेजरसाहेबांच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहिला, की माझ्या वडिलांना पाच गोळ्यांची बंदूक द्यावी. तुम्ही फक्त सही करायची होती. बाजाराचा दिवस, बँकेच्या पायऱ्यांवर ही गर्दी. तुम्ही कागद हातात घेऊन उलटसुलट केलात, तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. म्हणालात, “ह्यात काय हाय ते सांग.” मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. मान वळवून दाराकडे बघायला लावलंत. “कोन कोन हाय, नावं घे.” मी नावं घ्यायला लागलो. पेन्शनीला आलेली शेजारची म्हातारी, आमचे ड्रॉइंगचे मास्तर, कडेवर पोर घेतलेली एक बाई, दूधवाला. “आता चोर ह्यांच्या मधी हुबा ऱ्हातोय. तुझ्या पाच कुनाकुनाला घालू, सांग की लेका.” मी म्हटलं, “नेम धरून.” तुम्ही कागदाची घडी करून माझ्या खिशात घातलीत. “नेम धरनारं लई बघितलं मी फौजेत. दोन हायत त्येच रातभर डोळ्याला डोळा लागू देत न्हाईत.” तुम्ही माझं इंग्रजी कोणाकडून वाचूनसुद्धा घेतलं नाहीत याचाच मला राग आला होता. बाकीचं मी ऐकलंच नाही. सदतीस वर्षं ऐकलं नाही.

तर त्या बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या कपड्यात. बंदुकांच्या परवान्यांचं काम त्या बघतात. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, वही तयार ठेवली होती. ही तशीच कामावरून आलेली, सिंककडे तोंड करून भांडी विसळत होती. बाईंनी माझा अर्ज पिशवीतून काढला. तो त्यांनी वाचला होता, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, “तुमचं अक्षर फार नीटस आहे.” मी थँक यू म्हटलं. मग म्हणाल्या, “हँडगन तुम्हाला मिळणार नाही. आणि स्वतःचं संरक्षण हे आम्ही शॉटगनसाठीही कारण धरत नाही. पण हे मी पत्रानंही कळवलं असतं.”

“मग आलात कशाला?” मी विचारलं.

“चौदा पानांमुळे. कोणी इतकं बारकाईनं लिहितं तेव्हा त्याच्या घरी जाऊन बघावं लागतं.”

आबा, मला आधी ते कौतुकच वाटलं. मी त्यांना पाच गोळ्या आणि पंधरा गोळ्यांमधला फरक समजावून सांगायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नकाशा माझ्यापुढे सरकवला. “यात तुमच्या मिसेस कुठे आहेत?”

“ती कामावर असते.”

“बरं. आता हा मुद्दा क्रमांक सात.” आणि त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मीच लिहिलेला. की अर्जदाराची तत्परता सिद्ध आहे, एप्रिल महिन्यात एका सकाळी मागचं दार वाजताच अर्जदार चार सेकंदांत हत्यारासह दारामागे सज्ज होता. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. “कोण होतं दारात?”

खरंच सांगतो, मला त्या क्षणी उत्तर आठवलं नाही. अर्ज लिहितानाही मी ते लिहिलं नव्हतं, कारण मुद्दा तत्परतेचा होता. सिंककडून आवाज आला. “इट वॉज मी.”

ही परक्या माणसाशी माझ्यासमोर इंग्रजी बोलत नाही. चोवीस वर्षांत बोललेली नाही, कारण मी मध्येच तिच्या चुका काढतो. गुरुवारी ती हात पुसत वळली आणि बोलली, आणि मला एकही चूक काढता आली नाही. तिनं सांगितलं की त्या दिवशी शिफ्ट बदलली म्हणून ती साडेअकरालाच आली, दोन्ही हातांत पिशव्या होत्या म्हणून दार पायानं ढकललं. मोठा लोखंडी पाना तिच्या कानाजवळून गेला आणि चौकटीत बसला. “थीफ केम वन टाइम,” ती बाईंना म्हणाली. “आय कम एव्हरी डे.”

बाईंनी विचारलं, तुम्हाला यांची भीती वाटते का. मी हसलोच. आता ही काय म्हणणार, ‘छे, काहीतरीच काय’. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “येस.” बस्, एवढंच. जाताना बाईंनी आपलं कार्ड तिच्या हातात दिलं. माझ्या नाही.

तो बावीस नंबरचा पाना होता. चौकटीला अर्ध्या इंचाचा खड्डा पडला होता. तो मी त्याच संध्याकाळी लुकण भरून, घासून, रंगवून टाकला, आता शोधून सापडणार नाही. एवढं मला आठवतं. पण ती कोट न काढता खुर्चीत किती वेळ बसून होती, ते आठवत नाही. बाई गेल्यावर मी तिला विचारलं, “एवढं मनात होतं तर मला नाही सांगायचं?”

“सांगितलं होतं की.”

“कधी?”

“तेव्हाच. तर तुम्ही म्हणालात, फोन करून यायचं.” कप विसळून तिनं पालथा घातला. “अहो, तो पाना टेबलाच्या खणातून काढा. खणात असेपर्यंत मला या घरात झोप लागायची नाही. नाहीतर मी ब्रिस्टलला लेकीकडे जाते, आणि मग परत कधी येईन ते मला विचारू नका.” आवाज चढवला नाही, रडली नाही. मला ते जास्त लागलं.

हे मी त्या अर्जाच्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. गुरुवारपासून याच कागदांवर आकडेमोड चालू आहे, दुसरं काही सुचत नाही. मागच्या दारानं फेब्रुवारीपासून आत कोण कोण आलं? चोर, एकदा. ती, कामावरून, बाजारातून, कपडे वाळत घालून, दिवसातून निदान तीनदा. अठरा आठवडे झाले. पावणेचारशेच्या वर आकडा जातो. गोळ्या किती लागतील याचा हिशेब मी सहा आठवडे केला. त्या दारातून येतं कोण, हे मोजायला अर्धा तास लागला, आणि तेही एका परक्या बाईनं विचारल्यावर. तुम्ही तर मला दारात उभं करून माणसांची नावं घ्यायला लावली होतीत.

अजून एक गोष्ट आता ध्यानात येते आहे. एप्रिलपासून ही घरी येते ती फाटकापासूनच मोठ्यानं म्हणत, “अहो, मी आले, मीच.” मला वाटायचं, चोरीनंतर बिचारीला माझी काळजी. कधी कधी वैतागायचो, शेजाऱ्यांना कशाला ऐकवायचं. आपल्याकडे तुम्ही ड्युटीवरून यायचात तेव्हा अंगणातूनच खाकरायचा, आईला दचकायला नको म्हणून. बंदूक तर बँकेतच ठेवून यायचात, कधी उंबऱ्याच्या आत आणली नाहीत. तरी खाकरायचा. माझ्या घरात खाकरायची वेळ तिच्यावर आली, आणि मी ती माया समजत राहिलो.

रविवारी मी तिला सांगितलं, पाना गॅरेजमध्ये नेऊन टांगला. ती बरं म्हणाली, बघायला गेली नाही. ब्रिस्टलचा विषय पुन्हा काढला नाही. आज मी हे लिहीत बसलो होतो, अडीच वाजले असतील, फाटकाची कडी वाजली. तिची हाक यायच्या आतच माझा हात खणाच्या मुठीवर गेला होता. मग हाक आली, नेहमीसारखी. मी हात काढून घेतला आणि चहाचं आधण ठेवलं.

पाना मी गॅरेजमध्ये नेलेला नाही, आबा. तो खणातच आहे.