क्योटोच्या आजी

श्रूजबरी,
१२ नोव्हेंबर २००६

आदरणीय बाबा,
सप्रेम जयभीम.

जपानची कॉन्फरन्स आटोपून सुखरूप परत आले. आईचा गुडघा आता कसा आहे?

क्योटोत मी आणि ऑफिसातली सावनी रस्ता चुकून पावसात भिजलो. एका जपानी आजींनी आम्हाला घरात घेतलं, टॉवेल दिले, गरम भात वाढला. कोपऱ्यात बुद्धांची लहानशी मूर्ती होती. आजींनी मोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्ही बुद्धांच्या देशातल्या. तुम्हीही बौद्ध का?"

"नाही, आम्ही दोघी हिंदू," सावनी म्हणाली. तिला माझं काहीच ठाऊक नव्हतं. मीही होकारार्थी मान हलवली, बाबा.

कोणी जबरदस्ती केली नव्हती. सावनी दुरावेल, एवढीच भीती वाटली.

आजी आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आल्या. निघताना स्वतःची छत्री आणि पत्ता दिला.

परवा लंचला सावनीला खरं सांगितलं. "अगं, मला काय फरक पडतो?" म्हणाली आणि डबा अर्धा ठेवून मीटिंगला गेली. त्याचं वाईट वाटलं, पण लाज वाटते ती तुमच्यापुढे. तुम्ही कधी कुणापुढे लपवलं नाहीत.

आजींना पत्र लिहायला बसले होते. सुरुवातच सुचेना, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं.

तुमची,
उपासना